कातडी पांघरलेली माणसं आणि मागाची वजनं: एका छोट्या संग्रहालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण इंग्लंडमधल्या एका लहान गावाच्या संग्रहालयात हे घडलं. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. शाळेच्या मुलांसाठी तिथे जी सत्रं होतात त्यांत मी स्वयंसेवक म्हणून काम करते. माझं माहेर येवल्याचं. घरात हातमाग होता आणि कांड्या भरतच मी मोठी झाले. इथल्या लोकांनी मला या कामात ओढलं ते त्याच कारणाने.

संग्रहालय दोन खोल्यांचं आहे. पुढच्या खोलीत आसपासच्या शेतांत सापडलेल्या लोहयुगातल्या, म्हणजे रोमन येण्याआधीच्या काही शतकांतल्या, वस्तू आहेत: मागाच्या ताण्याला खाली बांधायची भाजक्या मातीची वजनं, टकळीच्या दगडी चकत्या, हाडाची लांब दांड्याची एक फणी, जात्याची वरची तळी, काळ्या दगडाच्या बांगडीचा तुकडा. चकाकणारं काहीच नाही. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात २०१४ पासून अश्मयुग ते लोहयुग हा भाग आला, आणि तेव्हापासून या खोलीत शाळांची ये-जा वाढली.

याच सुमारास गावातल्या एका दिवंगत शिक्षिकेच्या घरच्यांनी सहा रंगीत भित्तिचित्रं संग्रहालयाला दिली. जाड कागद कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडे, शंभरेक वर्षांपूर्वी शाळांच्या वर्गांत टांगत तशी. विषय होता प्राचीन ब्रिटन लोकांचा वेश आणि त्यांचे उद्योग. चित्रकाराचं नाव कुठेच नव्हतं, आणि एका बाजूची कड कापलेली होती. एका चित्रात कातडी पांघरलेले शिकारी होते. दुसऱ्यात टोपलीसारख्या नावेतला कोळी, तिसऱ्यात टोपल्या विणणाऱ्या बायका, चौथ्यात उघड्यावर तलवार ठोकणारा लोहार. पाचव्यात पांढऱ्या झग्यातला ड्रुइड, म्हणजे प्राचीन ब्रिटन आणि गॉलमधला (आजच्या फ्रान्सच्या भागातला) पुरोहित होता, छातीवर सोन्याचा पत्रा आणि मागे अख्खं स्टोनहेंज, ते प्रचंड उभ्या दगडांचं वर्तुळ. सहाव्यात रथावर उभी असलेली राणी.

चित्रं सुंदर होती, हे आधी सांगायला हवं. रंग अजून ताजे होते आणि लोहाराच्या पाठीचे स्नायू पाहत राहावेत असे काढलेले होते. गावातल्या कित्येक वयस्कर माणसांनी ती लहानपणी वर्गात पाहिलेली. त्यांतली दोन, शिकाऱ्यांचं आणि पुरोहिताचं, आम्ही मोठी करून छापून घेतली आणि वस्तूंच्या कपाटाच्या वर लावली. खाली माहितीची ओळ लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: 'हे चित्र जुन्या काळच्या कल्पनेवर आधारलेलं आहे.'

अडचण

सत्राच्या शेवटी मुलं 'त्या घरातला एक दिवस' असं चित्र काढतात. एक हंगाम संपल्यावर मी ती सगळी पानं घेऊन बसले. पानापानावर कातडी पांघरलेली माणसं, निळे चेहरे, पांढऱ्या दाढीचा पुरोहित. स्टोनहेंज आमच्या गावापासून बरंच लांब आहे, तरी तेही घरामागे उभं. माग मात्र एकाही पानावर नव्हता. याच मुलांनी अर्ध्या तासापूर्वी मागाच्या वजनाची प्रतिकृती हातात धरली होती, तिचं भोक बोटाने चाचपून पाहिलं होतं.

एका मुलीने ते वजन काढलं होतं. हुबेहूब, भोकासकट. पण एका शिकाऱ्याच्या गळ्यात, माळेसारखं.

त्या पानाने मला झोपू दिलं नाही. मुलीची चूक नव्हती. तिला वस्तू आठवत होती, पण ती कुठे बसवायची ते तिने भिंतीवरच्या चित्राला विचारलं. त्या चित्रात ताणा नव्हता, सूत नव्हतं, कापडच नव्हतं. मग भोक असलेली जड वस्तू गळ्यातच जाणार. माझी ओळ खरी होती, पण मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, बारीक अक्षरांत होती. चित्र बोलत होतं तेव्हा ती ओळ कोणी ऐकत नव्हतं.

चित्रातलं काय कुठून आलं

व्यवस्थापक, एक निवृत्त पुरातत्त्वज्ञ आणि मी असे तिघं बसलो. सहाही चित्रं टेबलावर पसरली आणि एकेका गोष्टीला विचारायला लागलो: तू आलीस कुठून?

बराचसा माल एकाच ठिकाणचा निघाला. १८१५ साली सॅम्युअल रश मेरिक आणि चार्ल्स हॅमिल्टन स्मिथ यांनी ब्रिटिश बेटांच्या मूळ रहिवाशांच्या वेशभूषेवर एक मोठा चित्रग्रंथ काढला. रॉबर्ट हॅव्हेल यांनी त्याची चित्रं ॲक्वाटिंट पद्धतीने (तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून) केली आणि ती हाताने रंगवली गेली. पुढच्या शंभर वर्षांत शाळांसाठी, मुलांच्या पुस्तकांसाठी, मिरवणुकांच्या पोशाखांसाठी प्राचीन ब्रिटन काढायचा म्हटलं की याच ग्रंथाची छाया पडे. आमच्या भित्तिचित्रांतला पुरोहित त्या ग्रंथातल्या प्रमुख ड्रुइडाचा नातू म्हणावा इतका त्याच्यासारखा दिसतो.

मेरिक हा कष्टाळू माणूस. पुढे चिलखतांचा अभ्यासक म्हणून त्याचं नाव झालं. प्रत्येक चित्रासोबत त्याने मजकूर दिला आहे. ग्रीक-रोमन लेखक काय म्हणतात आणि कोणती वस्तू कुठे सापडली, हे तो सांगतो. त्याची अडचण वेगळी होती. अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग ही विभागणी तेव्हा झालेलीच नव्हती. कोपनहेगनच्या संग्रहालयात थॉमसेनने ती मांडली आणि १८३६ साली ती छापून आली. १८१५ मध्ये रोमनांच्या आधीचं सगळं म्हणजे एकच धुकट 'प्राचीन'. म्हणून आयर्लंडमधले, ड्रुइडांच्या आधी कित्येक शतकं घडवलेले सोन्याचे गळपट्टे ड्रुइडाच्या अंगावर आले. स्टोनहेंजचे मोठे दगड इ.स.पू. २५०० च्या सुमारास उभे राहिले, आणि ड्रुइडांचे उल्लेख मिळतात ते त्यानंतर दोन हजार वर्षांहून अधिक काळाने. सातवाहनांच्या दरबारात पेशवाई पगडी घातलेला कारभारी उभा करावा, तसा हा प्रकार. पांढरा झगा प्लिनी या रोमन लेखकाकडून आलेला, आणि प्लिनीने तो गॉलमधल्या ड्रुइडांबद्दल सांगितला आहे.

मेरिकची चित्रं भिंतीवर आली, मजकूर मात्र ग्रंथातच राहिला. मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. चित्राची नक्कल होते, नकलेची नक्कल होते, आणि 'हे मी अमुकावरून काढलं' ही ओळ पहिल्याच पायरीवर गळून पडते. १८१५ च्या बरंच आधीही हेच झालेलं दिसतं. १५९० साली थिओडोर द ब्रीने अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या मूळ रहिवाशांची चित्रं छापली, त्यांच्या जोडीला अंग रंगवलेल्या, उत्तर ब्रिटनमधल्या प्राचीन पिक्ट लोकांची चित्रं दिली, आणि ब्रिटनचे लोकही एके काळी असेच रानटी होते हे दाखवण्यासाठी ती दिल्याचं तिथेच सांगितलं. ते कारण पुढे विसरलं गेलं. रंगवलेली अंगं तेवढी राहिली.

कातडी आली रोमन सेनापती ज्युलियस सीझरकडून. आतल्या भागातले बहुतेक लोक धान्य पेरत नाहीत, दूध आणि मांसावर जगतात, कातडी पांघरतात, असं तो लिहितो. तो ब्रिटनमध्ये आला इ.स.पू. ५५ आणि ५४ मध्ये, आणि थेम्स ओलांडून फार आत गेलाच नाही. म्हणजे हे त्याने ऐकलेलं. त्याच परिच्छेदात तो केंटच्या लोकांना सगळ्यांत सुसंस्कृत म्हणतो, गॉलसारखेच राहणारे म्हणतो. पण त्या वाक्यावरून कोणी चित्र काढलं नाही. जमिनीत मात्र वेगळंच आहे. हॅम्पशायरमधल्या डेनबरीच्या तटबंदीच्या टेकडीवर बॅरी कनलिफ यांनी १९६९ ते १९८८ उत्खनन केलं. तिथे खडूच्या दगडात खोदलेले धान्याचे खड्डे शेकड्यांनी आहेत, थेट आपल्याकडच्या पेवांसारखे. बटसरच्या प्रयोगशेतावर पीटर रेनल्ड्स यांनी तसे खड्डे भरून, तोंड मातीने बंद करून धान्य टिकतं हे करून दाखवलं. जी माणसं पेवं भरत होती ती पेरत नव्हती असं कसं म्हणणार? आणि टकळीच्या चकत्या, मागाची वजनं तर अशा वस्त्यांवर जागोजाग सापडतात. स्कॉटलंडमध्ये फॉलकर्कला १९३३ मध्ये रोमन नाण्यांच्या मडक्यात लोकरीच्या कापडाचा तुकडा मिळाला. न रंगवलेल्या तपकिरी आणि पांढऱ्या लोकरीचे चौकडे, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले. इ.स. ३०१ च्या रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या दरपत्रकात ब्रिटनचा लोकरीचा झगा नाव घेऊन नोंदवला आहे.

निळ्या अंगावर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. सीझर म्हणतो की सगळे ब्रिटन 'व्हिट्रम'ने अंग निळं करतात. हा शब्द काचेलाही वापरतात. तो वोड या झाडाचा असं सहसा समजलं जातं, पण वाद आहे. वोडच्या पानांतून निघणारं रंगद्रव्य आणि आपल्या निळीतलं रंगद्रव्य एकच. लिंकनशायरमधल्या ड्रॅगनबीला लोहयुगाच्या अखेरच्या थरात वोडचे अवशेष मिळालेत, म्हणजे झाड होतं. पण त्याने लोकर रंगवली की अंग, हे बियांवरून कळत नाही. लोकर रंगवली असणार असं मला वाटतं. निळीचा हात ज्याने पाहिलाय त्याला ते वाटणारच.

टोपलीची नाव मात्र सणसणीत खरी निघाली. इ.स.पू. ४९ मध्ये स्पेनमध्ये नदी ओलांडायची वेळ आली तेव्हा सीझरने ब्रिटनमध्ये पाहिल्यासारख्या नावा बांधायला लावल्या: हलक्या लाकडाचा सांगाडा, कामट्यांचं विणकाम, वरून कातडं. वेल्समध्ये तैवी नदीवर अशा नावा अजून आहेत. हंपीला तुंगभद्रेत गोल टोपलीच्या नावेत बसलेल्यांना ती लगेच ओळखू येईल.

राणीचं चित्रही निराधार नव्हतं. रोमनांविरुद्ध उठाव करणाऱ्या बुडिका राणीच्या गळ्यात सोन्याचं मोठं कडं आणि अंगात अनेक रंगांचा अंगरखा होता असं रोमन इतिहासकार कॅशियस डायो लिहितो, जरी तो तिच्यानंतर शतकाहून अधिक काळाने लिहीत होता. तिच्या आयसेनी जमातीच्या मुलखात, नॉरफोकमधल्या स्नेटिशॅमला, १९५० मध्ये असं कडं खरोखरच सापडलं. किलोभराहून थोडं जास्त वजन, सोन्या-चांदीच्या मिश्रधातूच्या आठ दोऱ्या आणि प्रत्येक दोरीत आठ तारा, म्हणजे चौसष्ट तारा पिळलेल्या. चित्रकाराने राणीच्या गळ्यात ते कडं घातलं होतं. पण त्या चौसष्ट तारा ओढणारा सोनार सहा चित्रांत कुठेच नव्हता. ओतारीही नव्हता. डॉर्सेटमधल्या गसेज ऑल सेंट्सला १९७२ मध्ये एका खड्ड्यात घोड्यांच्या आणि रथांच्या साजाचे मातीचे साचे मिळाले, सात हजारांवर तुकडे, पन्नासेक रथांचा साज होईल इतके. मेणाचा नमुना, त्यावर मातीचा लेप, मेण वितळवून धातू ओतायची आणि साचा फोडायचा. आपले ओतारी करतात तेच. आमच्या भित्तिचित्रात एकटा माणूस उघड्यावर घण घालत होता, कारण घण घालणारा माणूस चित्रात शोभतो.

यादी संपेपर्यंत एक गोष्ट आमच्या लक्षात आली. चुकीच्या आणि बरोबर गोष्टी चित्रांत एकाच ठामपणे रंगवलेल्या होत्या. लेखकाला 'हे नक्की सांगता येत नाही' असं लिहिता येतं. चित्रकाराला अंगरख्याला कुठला तरी रंग द्यावाच लागतो.

पर्याय

पहिला विचार अर्थात चित्रं काढून टाकण्याचा. पुरातत्त्वज्ञांचा कल तिकडे होता, आणि पुरोहिताच्या चित्राबद्दल मलाही तसंच वाटत होतं. पण ती चित्रं दिली होती एका घराने, आईची आठवण म्हणून. आणि नुसत्या वस्तू ठेवल्या तर दहा वर्षांचं मूल दगडी चकतीकडे किती वेळ बघणार? मोकळी भिंत मुलांच्या डोक्यातली चित्रं पुसत नाही. ती आधीच कुठून कुठून तिथे येऊन बसलेली असतात.

चित्रं तशीच ठेवून माहितीची पाटी मोठी करावी, असं व्यवस्थापकांचं मत होतं. स्वस्त आणि लगेच होणारं. मी विरोध केला, कारण पाटीचा अनुभव माझ्या गाठीशी होता.

नवं चित्र काढून घ्यावं, हे सगळ्यांनाच आवडलं, पण भीती होती की आणखी पन्नास वर्षांनी ते आपल्या काळाचं भित्तिचित्र ठरेल. शिवाय पैसे एकाच चित्रापुरते होते. जुनं आणि नवं शेजारी शेजारी लावावं ही सूचनाही आली. त्यात धोका असा की मुलांना ते 'चूक' आणि 'बरोबर' असे दोन कप्पे वाटतील आणि नवं चित्र पुन्हा निःशंक होऊन बसेल.

शेवटी ठरलं ते असं: भिंतीवर एक नवं चित्र, आणि जुनी सहा मागच्या खोलीत, त्यांच्या स्वतःच्या गोष्टीसकट. ती गोष्ट म्हणजे शाळेची, १८१५ च्या ग्रंथाची आणि नकलांच्या साखळीची.

काय केलं

देणगीदार घराला आम्ही उशिरा कळवलं. जुनी चित्रं पुढच्या भिंतीवरून उतरल्यावर त्या बाईंच्या मुलीने ते स्वतः येऊन पाहिलं, आणि मग आमचं पत्र त्यांना मिळालं. त्या दुखावल्या. त्यांचं बरोबर होतं.

नव्या चित्रासाठी जवळच्याच शहरातली एक चित्रकार मिळाली. आम्ही तिला वस्तूंची नेटकी यादी दिली, मोजमापं आणि फोटो दिले. पहिला कच्चा आराखडा आला आणि आम्ही तिघं गप्प झालो. प्रत्येक वस्तू अचूक होती, प्रत्येक माणूस आपली वस्तू हातात धरून आपल्याकडे बघत होता. भित्तिचित्रातल्यासारखाच. आम्ही तिला वस्तू दिल्या होत्या, कामं दिली नव्हती.

तेव्हा आम्ही माग उभा केला. दोन खांब, वर आडवी तुळई, ताण्याचे धागे खाली सोडलेले आणि झुबक्या झुबक्यांनी वजनांना बांधलेले. इथे मला स्वतःचं पक्कं ज्ञान सोडावं लागलं. आमच्या घरचा माग खड्ड्याचा. विणकर बसतो, पाय खड्ड्यात, आणि बाणा आपल्या अंगाकडे ठोकतो. मी चित्रकाराला आधी जे रेखाटन दिलं होतं त्यात बाई बसून बाणा खाली ठोकत होती. या मागावर कापड वरून खाली वाढतं आणि बाणा वरच्या बाजूला ठोकावा लागतो. बसून ते होतच नाही. उभं राहावं लागतं, रुंद कापड असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावं लागतं, आणि दुसरं माणूस असेल तर बरं. चित्रकार दोन दिवस आमच्याबरोबर विणत होती. दुसऱ्या संध्याकाळी खांदे चोळत ती म्हणाली, आता मला या बाईचे हात काढता येतील.

आणखी एक गोष्ट त्या मागाने शिकवली. विणायला बसलो की सूत संपतं, आणि सूत कातायला विणण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. टकळी खाली ठेवायला सवड मिळतच नाही. म्हणून नव्या चित्रात कातणारी माणसं खूप आहेत: दारात, मेंढ्यांमागे, चुलीपाशी. पुरुष कातत होते का? पुरावा नाही. यावरून बराच वाद झाला आणि त्यातूनच चित्रकाराने तो उपाय काढला ज्यावर सगळं चित्र उभं आहे. ज्याला जमिनीतला पुरावा आहे ते रंगात, बाकीचं नुसत्या पेन्सिलीच्या रेषेत. मागाची वजनं, चकत्या, जातं, लोकरीचे तपकिरी-पांढरे चौकडे, गोल घराच्या कुडाच्या भिंती, मेंढ्या हे रंगात. चेहरे, केसांची ठेवण, अंगरख्याची बेतणी, कातणारा म्हातारा हे रेषेत. पुरोहित नाही. निळा रंग एका सुताच्या लडीला दिला, अंगाला नाही.

दोन ठिकाणी आमची झटापट झाली. पहिली जात्यावरून. चित्रकाराने ते ओट्यावर ठेवलं होतं, कंबरेच्या उंचीला. मी ते जमिनीवर आणलं, बाईला बसवलं आणि आजी दळायची तसा हात पूर्ण गोल फिरताना दाखवायला सांगितलं. पुरातत्त्वज्ञांनी थांबवलं. त्या काळातल्या काही जात्यांची झीज पाहता खुंटा पूर्ण न फिरवता मागे-पुढे अर्धाच ओढत असावेत, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटायला जड गेलं. हात खुंट्यावर टेकलेला दाखवून आम्ही तो प्रश्न मिटवला, आणि तो हात पेन्सिलीत ठेवला.

दुसरी हाडाच्या फणीवरून. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते की ही बाणा ठोकायचीच फणी. पुस्तकांतही ती 'विणकामाची फणी' म्हणूनच येते. पण आमच्या मागावर प्रतिकृती वापरून पाहिली तर ती ताण्यात नीट बसेना. दाते आखूड, पकड चुकीची, आणि चपट्या लाकडी फळीने तेच काम सहज होत होतं. ती अरुंद पट्ट्या विणण्यासाठी असेल, लोकर विंचरण्यासाठी असेल. तरी मी हट्ट धरला आणि ती बाईच्या हातात, रंगात गेली. चित्र छापून भिंतीवर लागलं तसंच.

काय झालं

पुढच्या हंगामातली मुलांची पानं वेगळी आली. माग जवळजवळ प्रत्येक वर्गाच्या पानांत दिसला, आणि वजनं त्याच्या खाली लोंबताना. कातडीही आली, थंडीत अंगावर घेतलेली. निळे चेहरे अजून येतात आणि स्टोनहेंजही अधूनमधून उगवतं. एक मूल प्रत्येक वेळी विचारतंच की या माणसाला रंग का नाही, आणि मग बोलणं सुरू होतं. काही मुलं घरी नेलेल्या छापील प्रतीतले पेन्सिलीतले अंगरखे स्वतः रंगवतात. एका मुलाने म्हाताऱ्याचा अंगरखा नारंगी-जांभळा केला आणि खाली लिहिलं, 'हे मी ठरवलं'. ते पान मी फ्रेम करून सत्राच्या टेबलावर ठेवलं आहे.

सगळ्यांना चित्र आवडलं असं नाही. अभिप्रायाच्या वहीत 'चित्र अर्धवट का सोडलं?' असं पुन्हा पुन्हा येतं. विश्वस्तांपैकी एकांचं ठाम मत आहे की पैसे देऊन पूर्ण चित्र घ्यायला हवं होतं, आणि पाहुण्यांना आकर्षित करण्याच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. जुनी भित्तिचित्रं जास्त देखणी आहेत. मागच्या खोलीत त्यांच्यापाशी लोक जास्त वेळ उभे राहतात.

त्या खोलीतल्या पाटीवर आता शाळेचं नाव आणि शिक्षिका किती वर्षं तिथे शिकवत होत्या ते आहे. त्यांच्या मुलीने मजकूर स्वतः तपासला. पुरोहिताच्या चित्राशेजारी एक साधी आकृती आहे: दगड या काळातले, सोनं या काळातलं, झगा या लेखकाचा, आणि चित्र या शतकातलं. काळ्या दगडाच्या बांगडीचा तुकडाही आम्ही तिथेच हलवला. डॉर्सेटच्या किमरिज किनाऱ्यावर अशा बांगड्या लेथवर घडवताना मधून निघालेल्या गोल चकत्यांना पूर्वीचे संशोधक नाणी समजत आणि 'कोळशाचे पैसे' म्हणत. लेथवर काम करणाऱ्याने फेकून दिलेला मधला गाभा होता तो. आपणही बघता बघता असं काही करून बसतो, हे मुलांना त्या चकत्यांवरून लवकर कळतं.

पुन्हा करायचं झालं तर

देणगीदारांशी बोलणं पहिल्या आठवड्यात करीन, भिंतीला हात लावायच्या आधी. त्यांच्याकडे त्या वर्गातले फोटो होते हे आम्हाला सगळं संपल्यावर कळलं.

मुलांची पानं हंगामाच्या शेवटी नाही, दर आठवड्याला पाहीन. गळ्यातलं ते वजन मला पाचव्या महिन्यात दिसलं. तोवर किती वर्ग येऊन गेले होते.

चित्रकाराला यादी द्यायच्या आधी मागापाशी उभं करीन. आम्ही एक आराखडा आणि त्याचे पैसे वाया घालवले, आणि चूक तिची नव्हती.

फणीच्या बाबतीत मी चुकले. रंग की रेषा हा नियम आम्ही वस्तूंना लावला, त्यांच्या वापराला लावला नाही. फणी सापडली आहे, म्हणून ती रंगात; पण ती बाण्यावर ठोकली जात होती याला पुरावा नाही, म्हणून ती त्या हातात, त्या कामात रंगवायला नको होती. जात्यावरचा हात आम्ही पेन्सिलीत ठेवला आणि मागावरचा ठेवला नाही, कारण जात्याबद्दल मला कोणी अडवलं आणि मागाबद्दल मला अडवायला कोणी धजावलं नाही. घरातल्या मागाचा अनुभव मला खूप ठिकाणी उपयोगी पडला. याच ठिकाणी तो आड आला.

पुढच्या छपाईत तो हात पेन्सिलीत जाईल, चित्रकाराशी बोलणं झालं आहे. पुरातत्त्वज्ञांनी हाडाची नवी फणी कोरून घेतली आहे, आमच्या मूळ फणीच्या मापाची. या हिवाळ्यात आम्ही दोघं तिच्यावर चार बोटं रुंदीची पट्टी विणून पाहणार आहोत, आणि मग त्याच फणीने मेंढीची लोकर विंचरून, दात्यांवर झीज कुठे पडते ते बघणार आहोत.